आमचा सूर्य आषाढात हरवतो

डिसेंबर लागला की एक मत हमखास डोके वर काढते. शाळेतल्या भाषणांत ते असते, रविवारच्या पुरवण्यांत असते, मोबाइलवर येणाऱ्या निरोपांत तर असतेच असते. मत असे की जगभरचे हिवाळी सण मुळात एकच आहेत. दिवस लहान होत जातो, अंधार वाढतो, माणूस धास्तावतो. मग 21-22 डिसेंबरला सूर्य वळतो, माणसाचा जीव भांड्यात पडतो आणि तो दिवे लावतो, जाळ पेटवतो, गोडधोड खातो. रोमनांचा सॅटर्नेलिया, ख्रिस्त्यांचा नाताळ, ज्यूंचा हनुक्का, इराणची यल्दा, पंजाबची लोहडी आणि आपली संक्रांत ही सगळी त्या एकाच भीतीची आणि एकाच आनंदाची नावे. या मताच्या दोन आवृत्त्या बाजारात आहेत. एक बंधुभावाची, म्हणजे सगळे एकच, मग भांडता कशाला? दुसरी छाती फुगवणारी, म्हणजे मूळ आपले, बाकीच्यांनी उचलले. दोन्हींचा पाया एकच असल्यामुळे दोन्हींना एकच उत्तर पुरते.

आपल्याकडच्या जुन्या वादपद्धतीत पूर्वपक्ष प्रतिपक्ष्यापेक्षाही चांगला मांडावा असा दंडक होता. तो पाळायचा तर आधी कबूल केले पाहिजे की या मताला काही ठिकाणी भक्कम आधार आहे. लंडनला डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस पावणेआठ तासांच्या जरा वर असतो, जूनमधला सर्वांत मोठा साडेसोळा तासांहून अधिक. स्टॉकहोमला तर डिसेंबरात जेमतेम सहा तास उजेड. तिथे सूर्य चालला असे वाटणे साहजिक आहे. इराणात यल्दाच्या रात्री लोक जागतात, डाळिंबे फोडतात, आणि ती रात्र खरोखर वर्षातली सर्वांत मोठी असते. चीनमधला दोंगझी तर नेमका अयनान्ताचाच सण. स्वीडनची लुसिया 13 डिसेंबरला येते, कारण जुन्या ज्युलियन पंचांगात घसरत घसरत अयनान्त एके काळी त्या तारखेला आला होता. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझरने 1890 मध्ये ‘द गोल्डन बाउ’ लिहून असल्या उदाहरणांची जंत्री जगासमोर ठेवली आणि त्यावरून सगळ्या मनुष्यजातीला एकच मन असल्याची कल्पना सुशिक्षितांत रुजली. उदाहरणे बऱ्याच अंशी खरी होती. चूक झाली ती युरोपातल्या आकाशाखालचे अनुमान सगळ्या पृथ्वीला लावण्यात.

ते कर्जतला लावून पाहू.

रायगड जिल्ह्यातले कर्जत आणि खालापूर हे तालुके साधारण 19 अक्षांशावर आहेत. इथला सर्वांत लहान दिवस अकरा तासांना एखादे मिनिट कमी, सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. म्हणजे वर्षभरात उजेडाचा फरक सव्वादोन तास, आणि तो सहा महिन्यांत पसरलेला. घड्याळ नसलेल्या शेतकऱ्याला त्यातून सूर्य मरतो आहे असे वाटावे, हे कोणी आरामखुर्चीतच सुचवू शकतो. उलट भाताची कापणी आटोपलेली, आभाळ निवळ, ढाकच्या सुळक्यापर्यंत सगळे स्वच्छ दिसणारे, ऊन सोसवणारे, असे हे दिवस. डिसेंबरातला सूर्य इथे कोणाला हरवलेला वाटत नाही. अंगणात पथारी टाकून म्हातारी माणसे त्याच्याकडे पाठ करून बसतात.

त्यातही एक गंमत आहे. आमच्याकडे सर्वांत लवकर सूर्यास्त होतो तो नोव्हेंबरच्या अखेरीस, आणि सर्वांत उशिरा सूर्योदय होतो तो जानेवारीच्या मध्याला, म्हणजे बरोबर संक्रांतीच्या सुमारास. सुगडे मांडायला उठलेल्या बाईला त्या सकाळी वर्षातला सर्वांत रेंगाळलेला सूर्य भेटतो, सव्वासातच्या आसपास. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असे आपण म्हणतो, ते खोटे नाही. पण तो आधीच तीनेक आठवडे वाढू लागलेला असतो, तोवरची कमाई सातेक मिनिटांची असते, आणि ती सगळी संध्याकाळच्या खात्यात जमा झालेली असते. सूर्याच्या परतण्याचा सोहळा करायला निघालेल्या समाजाने त्याच्या सर्वांत आळशी सकाळची निवड करावी, हे काही पटत नाही.

आता संक्रांतीच्या तारखेकडे वळू. मकरसंक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच दिवशी येत असत त्याला सुमारे सतराशे वर्षे झाली. आपली पंचांगे तारे धरून चालतात, ऋतू पृथ्वीच्या अक्षाच्या कलाने चालतात, आणि अयनचलनामुळे दोहोंत सुमारे सत्तर वर्षांमागे एक दिवस असे अंतर पडत जाते. याचा पुरावा शोधायला ग्रंथालयात जायला नको. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते, आणि जन्मतारीख 12 जानेवारी 1863 हेही. आता तीच संक्रांत 14 किंवा 15 जानेवारीला येते. यावरून आणखी एक लाडकी समजूत निकालात निघते. पानिपतावर 14 जानेवारी 1761 रोजी मराठ्यांवर ‘संक्रांत’ आली असे आपण म्हणतो तेव्हा अनेकांना तो दिवस पंचांगातल्या संक्रांतीचाच वाटतो. पण 1863 मध्ये जी 12 तारखेला होती, ती शंभर वर्षे आधी 14 ला कशी असेल? त्या वर्षीची संक्रांत रणसंग्रामापूर्वीच उलटून गेली होती.

हा घोळ आपल्याच ज्योतिष्यांनी उघड केला आहे. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित ऋतूंना धरून चालणाऱ्या सायन पंचांगाचे कैवारी होते. ऋतूंशी सण जुळावेत हा त्यांचा आग्रह. टिळक पंचांगाने दोन मानांतले अंतर, म्हणजे अयनांश, वेगळे धरले, म्हणून त्यात संक्रांत चार दिवस आधी येते. पुढे शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीने सायन मानावर राष्ट्रीय पंचांग आखून दिले आणि ते 22 मार्च 1957 पासून लागू झाले. त्याप्रमाणे पौषाची 1 तारीख 22 डिसेंबरला पडते, उत्तरायणाशी बरोबर जुळलेली. सरकारी कामकाजाखेरीज ते फारसे कोणी वापरले नाही. त्या पौषाच्या मुहूर्तावर एकाही बाळाचे बोरन्हाण झाल्याचे मला माहीत नाही. सण खरोखरच सूर्याच्या वळण्यासाठी असता, तर तीन आठवड्यांची चूक कळल्यावर कुठेतरी कोणाला रुखरुख लागली असती. ती लागली नाही.

यावर प्रतिपक्षी म्हणेल, तारीख घसरली म्हणून उगम खोटा ठरत नाही. बरोबर. संक्रांतीचा उगम सूर्याच्या गणिताशी जोडलेला आहे हे मीही मानतो. वेदांग ज्योतिषाच्या काळापासून अयनाची नोंद ठेवणारे लोक आपल्याकडे होते. पण मग तो उगम गणित करणाऱ्या पंडिताच्या पाटीवर आहे, अंधाराला भ्यालेल्या शेतकऱ्याच्या मनात नाही. आणि लोकांनी संक्रांतीचे जे काही केले, ते आनंदापेक्षा धाकाकडे झुकणारे आहे. पंचांगवाले सांगतात ती संक्रांत कोणत्या वाहनावर बसली, कोणत्या दिशेला पाहते, आणि ज्या वस्तू तिने धारण केल्या त्या महागणार. दुसरा दिवस किंक्रांत, करिदिन, शुभ कामाला वर्ज्य. सूर्यदेव परत आल्याचा जल्लोष इतक्या जपून कोणी करत नाही.

नाताळाबद्दलही थोडे. रोमन सम्राट ऑरेलियनने 274 मध्ये अजिंक्य सूर्याचे मंदिर उभारले, आणि त्याचा जन्मदिन 25 डिसेंबर ख्रिस्त्यांनी पळवला, असे ठणकावून सांगितले जाते. प्रत्यक्षात 25 डिसेंबरला सूर्याचा जन्मोत्सव असल्याची नोंद मिळते ती 354 सालच्या एका रोमन संकलनात, आणि येशूचा जन्म त्याच तारखेला असल्याची नोंदही त्याच संकलनात आहे. कोणी कोणाकडून घेतले हे त्यावरून ठरत नाही. दुसरा एक हिशोब असा की येशूचा गर्भसंभव 25 मार्चला मानत, त्यात नऊ महिने मिळवले की 25 डिसेंबर येतो. आर्मेनियन चर्च आजही 6 जानेवारी धरते. सॅटर्नेलियाचा आरंभ तर 17 डिसेंबरला होई. चोरीचा आरोप करणाऱ्याने आधी मुद्देमाल तरी एका तारखेचा दाखवावा.

खंडन इथवर. पण कर्जत-खालापुरात कार्तिकापासून माघापर्यंत यात्रा, उरूस आणि जागरणांची जी गर्दी असते, तिचे कारण काय, हे सांगितल्याशिवाय सुटका नाही.

माझे म्हणणे असे की आमचा सूर्य डिसेंबरात हरवतच नाही. तो हरवतो आषाढात. दिवस वर्षातला सर्वांत मोठा, आणि त्याच दिवसांत सूर्याचे तोंड आठ-आठ दिवस दिसत नाही. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माथेरानच्या डोंगरावर त्याहून बराच अधिक. उल्हास आणि पाताळगंगा फुगतात, वाड्या तुटतात, चूल पेटवायला वाळके लाकूड मिळत नाही. अंधाराचा, उपासमारीचा आणि अडकून पडण्याचा काळ इथे तोच. देव आषाढी एकादशीला झोपतात आणि कार्तिकीला उठतात ही कल्पना पंढरपूरच्या वाळवंटापेक्षा इथल्या चिखलात अधिक पटते. ते उठतात तेव्हा वाट कोरडी झालेली असते, हळवे भात घरात आलेले असते, गरवे कापणीला असते, आणि नदी कमरेच्या खाली उतरलेली असते. सण घडतो तो या चार गोष्टींनी.

याचा नमुना खोपोलीजवळच्या ताकई-साजगावला पाहावा. कार्तिकी एकादशीपासून पंधरवडाभर तिथे विठोबाची यात्रा भरते. या विठोबाला लोक ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात, कारण धाकट्या पंढरीच्या या यात्रेत सर्वांत मोठा बाजार सुक्या मासळीचा. बोंबील, सोडे, जवळा, सुकट, वाकट्या यांचे ढीग, आणि त्यापासून थोड्या अंतरावर माळकरी भजनात दंग. तुकाराम महाराज मिरच्यांचा व्यापार करायला घाट उतरून इथे आले होते अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिकेची सत्यता कशीही असो, तिच्यात देवापाठोपाठ मिरची येते हे ध्यानात घ्यावे. घाटावरून घोंगड्या आणि मिरच्या उतरणार, किनाऱ्यावरून मासळी चढणार, आणि दोघांची गाठ बोरघाटाच्या पायथ्याशी पडणार. हे कार्तिकातच का? नारळी पौर्णिमेनंतर होड्या दर्यावर गेल्या तरी पाऊस पुरता थांबल्याखेरीज वलांडीवर बोंबील वाळत नाही. ओला बोंबील घाटमाथ्यावर पोचेपर्यंत टिकत नाही, सुका वर्षभर टिकतो. सूर्याचा या यात्रेशी संबंध आहेच. तो बोंबील वाळवतो.

थंडीतल्या जाळाचेही तसेच. डिसेंबर ते फेब्रुवारीत रायगडच्या कुठल्याही शेतात रात्री जाळ दिसला, तर मानववंशशास्त्राचे पुस्तक नुकतेच वाचलेल्या पाहुण्याला तो अयनान्ताचा होम वाटण्याची शक्यता आहे. तिथे बहुधा पोपटी लागलेली असते. भात कापल्यावर शेतात जी ओल उरते तिच्यावर वाल पेरतात; त्याला वेगळे पाणी लागत नाही. शेंगा भरल्या की मडके घ्यायचे, बुडाशी भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर जाडे मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, मधूनमधून बटाटे, रताळी, अंडी, ऐपतीप्रमाणे पानात गुंडाळलेली कोंबडी. वरून पुन्हा पाला ठासून तोंड बंद करायचे आणि मडके उपडे ठेवून भोवती पेंढा, काटक्या, गवऱ्या रचून पेटवायचे. आत पाण्याचा थेंब नसतो. शेंगा स्वतःच्या आणि पाल्याच्या वाफेवर शिजतात. अर्ध्याएक तासाने तापलेल्या मडक्यावर पाण्याचा शिपका मारतात. थेंब चर्र करून क्षणात उडाले की झाली. मग मडके गोणपाटावर ओतायचे आणि भोवती बसलेल्यांनी बोटे भाजत खायचे. यात देव नाही, तिथी नाही, नैवेद्य नाही, भटजी तर नाहीच. वाल आधी भरले तर पोपटी आधी, उशिरा भरले तर उशिरा. अलीकडे फार्महाउसवाले तिचे दर लावून ‘पोपटी पार्टी’ विकतात. तिथे शेंगा कमी आणि कोंबडी जास्त असते, एवढाच धर्मभेद.

आता याच जिल्ह्यातले असे एक उदाहरण, ज्याच्यापुढे दिव्यांच्या सार्वत्रिक सणाचा सिद्धांत मला उभा राहताना दिसत नाही. जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात बेने इस्रायली ज्यू शतकानुशतके राहत आले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. खालापूरच्या शेजारी पनवेलला, पुढे पेणला, अलिबागला त्यांची सिनेगॉग आहेत. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास 1897 मध्ये लिहून पुरा केला, तो तेल अवीवला 1937 मध्ये छापला गेला. त्यात जुने सण अस्सल मराठी नावांनी येतात: नवीयाचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, बिरड्यांचा रोजा. हनुक्का त्यांच्या जुन्या परंपरेत नव्हता. तो आला पुढच्या काळात, बाहेरच्या ज्यूंशी आणि त्यांच्या धर्मशिक्षकांशी संबंध आल्यावर. केहिमकरांचे स्पष्टीकरण असे की इ.स.पू. 164 मध्ये यरुशलेमचे मंदिर पुन्हा शुद्ध झाले आणि हनुक्का सुरू झाला, त्याआधीच आपले पूर्वज मायदेश सोडून निघाले होते. हे मान्य करा किंवा करू नका. एवढे मात्र उरते की तेल गाळणे हाच ज्यांचा पिढीजात धंदा, त्या ज्यूंनी कोकणातल्या शेकडो हिवाळ्यांत तेलाच्या दिव्यांचा तो सण आपणहून केला नाही. अंधाराच्या भीतीनेच माणूस दिवे लावत असेल, तर तेल घरात असताना ते का लागले नाहीत?

त्याच बेने इस्रायलींनी दुसरा एक हिवाळी सण मात्र इथल्या मातीत उभा केला. अलिबाग तालुक्यातल्या खंडाळ्याला एका खडकावर एलियाहू हन्नाबी या नबीच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे. ज्यू पंचांगातल्या शेवात महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, तिथे उरूस होतो आणि मलिदा वाटतात. मलिद्यात काय, तर पोहे, ओला नारळ, गूळ, फळे. नव्या भाताचे पोहे आणि पुनवेचे चांदणे. आणि नेरळच्या वायव्येला डोंगरावर दिसणाऱ्या मलंगगडाचे पाहा. पिराचा उरूस हिजरी तारखेने व्हायचा असा सर्वसाधारण रिवाज. तिथल्या हाजी मलंगची यात्रा मात्र भरते माघ पौर्णिमेला, आणि वहिवाट केतकर या ब्राह्मण घराण्याकडे चालत आली. ज्यू नबी आणि मुसलमान अवलिया, दोघांनाही पुनव आणि माघाच्या आसपासचा महिना मानवला. रात्री डोंगर चढायला चांदणे लागते, आणि घर सोडायला खळे उरकलेले लागते.

एरवी मुसलमानांच्या सणांना ऋतूच नाही. हिजरी वर्ष सूर्यवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून ईद तेहतीस वर्षांत सगळे ऋतू हिंडून येते; 2000 साली तर रमजान ईद जानेवारीतही आली आणि डिसेंबरातही. नेरळजवळच्या दामतमध्ये एका पिढीने शेवया थंडीत खाल्ल्या, पुढची त्या उकाड्यात खाते, आणि सणाची गोडी कमी झालेली दिसत नाही. पारशांचे उदाहरण तर याहून बोलके. त्यांच्या पंचांगातल्या आदर महिन्यातला आदर रोज (म्हणजे दिवस) हा अग्नीचा सण, चुलीला हळदकुंकू वाहण्याचा. हजार वर्षांपूर्वी अल-बिरुनी या विद्वानाने त्याचा संबंध थंडीशी आणि शेकण्याशी जोडला आहे. पण शहेनशाही पंचांगात लीप दिवस नाही, त्यामुळे सण सरकत सरकत आज एप्रिलच्या काहिलीत येऊन पडला आहे. चुलीची पूजा तरीही होते. थंडी गेली, सण राहिला. ऋतूने सण जन्माला घातला असेलही. तो जिवंत ठेवला तो मात्र ऋतूने नव्हे.

आणि ‘हिवाळी सुटी’? ती आपल्याकडे कचेरीने आणली. इंग्रजी राज्यात नाताळात कोर्ट-कचेऱ्या आणि शाळा बंद राहत, म्हणून वकील, मास्तर आणि कारकून मोकळे सापडत. काँग्रेसचे पहिले अधिवेशन 28 डिसेंबर 1885 ला भरले आणि पुढची बरीच त्याच आठवड्यात. महाडला बाबासाहेब आंबेडकरांच्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले तेही 25 डिसेंबर 1927 रोजी. रायगड जिल्ह्यात 25 डिसेंबरला पेटलेला सर्वांत महत्त्वाचा अग्नी हा, आणि त्याला सूर्याच्या वळण्याशी जोडायला अजून तरी कोणी धजलेले नाही. कर्जतच्या फार्महाउसांवर गाणी वाजतात तो थर्टी फर्स्ट तर रोमन राज्यकारभाराची देणगी, इ.स.पू. 153 पासून तिथले कॉन्सल 1 जानेवारीला पदभार घेऊ लागले.

एक आक्षेप मला मान्य आहे. माघ शुद्ध सप्तमीला अंगणात गवऱ्यांच्या विस्तवावर दूध उतू घालतात, रांगोळीत सात घोड्यांचा रथ काढतात; रथसप्तमी उघडउघड सूर्याची आहे आणि तिला मी बोंबलाच्या हिशोबात बसवू शकत नाही. सूर्यपूजा या देशात आहे, जुनी आहे. माझा विरोध फक्त ती अंधाराच्या धास्तीतून निघाली असे सांगण्याला आहे.

शिवाय हा सिद्धांत ‘माणूस’ म्हणतो तेव्हा कोणाला मोजतो, तेही पाहिले पाहिजे. कर्जत-खालापुरातल्या कातकरी वाड्या पौषात अर्ध्याअधिक ओस असतात. दिवाळीच्या आगेमागे वीटभट्टीवाल्याची उचल घेतलेली असते, भांडीकुंडी आणि पोरे घेऊन कुटुंबे भट्टीवर गेलेली असतात. घाटावरच्या माणसाला यात्रेला उतरवणारी कोरडी हवा इथे कच्ची वीट वाळवते, म्हणून ऐन हंगाम हाच. संक्रांतीला तिथे गारा तुडवायचा असतो आणि साचे मारायचे असतात. त्यांचा सण शिमगा; त्याला काही दिवस तरी वाडीवर परतायचे, नाचायचे, आणि उचल फिटली नसेल तर पुन्हा भट्टीवर जायचे.